वीस टक्के झाडपाला

आमचं मॉन्ट्रियलचं घर एका जानेवारीत मांसाहारी निघालं. माणसं तेव्हाही शाकाहारीच होती. घरच तेवढं बाटलं, आणि बाटवणारा मी.

झालं असं, की बाबा गेल्यावर आई नागपूरला एकटी पडली. मुलगे दोन, दोघंही कॅनडात. थोरला दादा व्हँकुव्हरला, मी मॉन्ट्रियलला. ठरलं असं, की आईने पहिला हिवाळा माझ्याकडे काढायचा, मग दादाकडे जायचं, आणि जिथे जीव रमेल तिथे कायमचं राहायचं. आता तुम्हीच सांगा, ही काय स्पर्धा झाली? दादाकडे समुद्र, डोंगर आणि हिवाळ्यात फार तर पाऊस. माझ्याकडे पाच महिने बर्फ, आणि तो फावड्याने उपसून उपसून वाकलेला मी. पण मला आई हवी होती. चाळिशी उलटलेल्या माणसाने असं बोलायचं नसतं, तरी बोलतो. लहानपणापासून दादा आईचा आणि मी उरलेल्यांचा, अशी आमच्या घरची वाटणी. एकदा तरी ती बदलून मिळावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

"थंडीचं काय रे विलास?" आईने फोनवर विचारलं. "मला नाही सहन होत बाप्पा."

"आई, घर असं गरम ठेवीन की तुला नागपूरचा मे महिना आठवेल!"

हे बोलून बसलो. आता घर गरम करणं आलं.

आमचं घर जुनं. बेसमेंटमध्ये तेलावर चालणारी फर्नेस, म्हणजे भट्टीच. मागच्या भिंतीला लागून, बाहेर अंगणात, तेलाची टाकी. ट्रक येतो, टाकी भरून जातो. भट्टी ते तेल जाळते, हवा तापवते आणि ती हवा प्रत्येक खोलीत जमिनीतल्या जाळीतून वर येते. इतकी वर्षं हे सगळं माझ्या नकळत सुखाने चाललं होतं. पण त्या वर्षी मला पृथ्वीची काळजी लागली. (ऑफिसात सगळ्यांनाच लागली होती. साथच होती.) त्यातच तेलवाल्या कंपनीने नवीन माल काढला: वीस टक्के जैविक मिश्रण असलेलं तेल. धूर कमी, काजळी कमी, परदेशातून कमी आयात.

बायको शुभा पुण्याची. तिने एका वाक्यात विषय मिटवला. "वीज घे. भिंतीला हीटर लाव. बटण दाबलं की गरम. आई येतायत, प्रयोग नकोत."

"शुभा, प्रश्न फक्त आपल्या घराचा नाहीये. ही आपली जबाबदारी आहे."

"बरं. तू पृथ्वी वाचव. मी तोवर कुकर लावते."

मी मात्र तीन आठवडे तोलून पाहिलं. साधं तेल की मिश्रण की वीज? जेवताना तोलत होतो, गाडी चालवताना तोलत होतो. विजेला नवीन वायरिंग लागणार होतं. साध्या तेलाला माझा अंतरात्मा आड येत होता. शेवटी मी कंपनीच्या माणसाला घरी बोलावलं. त्याचं नाव रेजाँ. गोल पोटाचा, लालबुंद गालांचा, भयंकर प्रेमळ माणूस. मी त्याला फ्रेंचमधून, म्हणजे इथल्या भाषेतून, दोन प्रश्न विचारले. (संध्याकाळच्या क्लासला जाऊन फ्रेंच शिकलो होतो, ते दाखवायची संधी मी सोडत नसे.) पहिला, कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या टाकीत हे तेल चालेल ना? रेजाँने खांदे उडवले आणि "पा द प्रोब्लेम", काही अडचण नाही, म्हणाला. दुसरा, हे जैविक म्हणजे काय? तर तो म्हणाला, ऑर्गॅनिक, इथलंच, नैसर्गिक.

बस्! मला पुढचं सगळं दिसायला लागलं. हिरवीगार शेतं, सोयाबीन, वाऱ्यावर डोलणारी कॅनोलाची पिवळी फुलं. पुढे काही विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. आता लक्षात घ्या, हा मी कोण माणूस? ग्रोसरी स्टोअरमध्ये चीजच्या पाकिटावर रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातला रस, लिहिलंय का, हे चष्मा कपाळावर चढवून वाचणारा! बिस्किटात जिलेटिन, दह्यात जिलेटिन, मार्शमेलोत जिलेटिन, असं पोरीकडून पाठ करून घेणारा! चिमूटभर जिलेटिनसाठी दुकानात रांग अडवणाऱ्या माणसाने टाकीभर तेल न वाचता घेतलं. कारण काय, तर ते खायचं नव्हतं.

आई नोव्हेंबरात आली. कोट, त्यावर शाल, त्यावर आणखी एक शाल. घरात पाऊल टाकलं आणि थबकली. पायाशी जाळी, जाळीतून गरम हवा.

"हे काय येऊन राहिलं रे इथून?"

"गरम हवा, आई. खाली भट्टी आहे."

"कशावर चालते?"

"तेलावर. झाडांच्या तेलावर."

"कोणत्या झाडांच्या?"

"अं... सोयाबीन असेल."

"छान बाप्पा!" आई म्हणाली आणि दोन्ही तळवे जाळीवर धरून उभी राहिली. निरांजनावरून हात फिरवून डोळ्यांना लावावेत, तसे तिने ते डोळ्यांना लावले. मी शुभाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. शुभा आईच्या बॅगा उचलत होती.

दोन दिवसांत आईला शोध लागला. "विलास, या हवेत तं वड्या वाळतील!"

आणि वाळल्या! मुगवड्या वाळल्या, सांडगे वाळले, मग साबुदाण्याच्या पापड्या, मग उडदाचे पापड, मग कुरडया. बाहेर बर्फाचं वादळ, आणि आत प्रत्येक जाळीभोवती जुन्या चादरींवर नागपूरची गच्ची! आई सकाळी उठून खोल्याखोल्यांतून फिरायची, वड्या उलटायची, जाळीवर हात धरून अंदाज घ्यायची आणि मला हुकूम सोडायची, "जरा वाढव नं रे." मी थर्मोस्टॅट वाढवायचो. घरात आम्ही बनियनवर वावरत होतो.

"Baba, I can't find my bed," आमची रेवा म्हणाली. तिच्या पलंगावर कुरडया होत्या. सर्वात चांगली जाळी तिच्याच खोलीत होती, त्याला कोण काय करणार!

आई खुलली. बाबा गेल्यापासून जिचा फोनवर नुसता हुंकार यायचा, ती दादाला फोनवर ऐकवत होती, "इथं तं बर्फ पडून राहिला आणि मी कुरडया घालून राहिली! तुझ्याकडे नुसता पाऊस म्हणतात. तिथं काय वाळते?" मी दुसऱ्या खोलीतला फोन उचलून ऐकत होतो. (चोरून. लाज कसली?) आणि मग ती म्हणाली, "मी इथंच राहते म्हणते." मी रिसीव्हर हळूच ठेवला आणि बेसमेंटमध्ये जाऊन भट्टीला हात लावून आलो.

इथे थांबायला हवं होतं. पण जिंकलेला माणूस थांबतो का? संक्रांतीला मी मॉन्ट्रियलमधली ओळखीची झाडून सगळी मराठी मंडळी घरी बोलावली. तिळगूळ, जेवण, आईच्या हातचं प्रत्येकाला एक पाकीट पापड, आणि मध्ये छोटंसं भाषण: 'हरित घर, उबदार घर'. भाषण रेजाँ करणार आणि मी भाषांतर करणार. जमलेल्यांतल्या निम्म्यांना फ्रेंच कळत होतं आणि सगळ्यांना इंग्रजी, पण भाषांतराचा मान मी कशाला सोडू?

हॉल गच्च भरला. आई पुढच्या खुर्चीत, नवी साडी, नवा स्वेटर. रेजाँ उभा राहिला. तो एक वाक्य बोलायचा, मी झोकात मराठी करायचो.

"हे इंधन आपल्या क्यूबेकमध्येच तयार होतं!" टाळ्या.

"यासाठी एकही झाड तोडावं लागत नाही!" टाळ्या. आईने मान डोलावली.

"जे पूर्वी फुकट जायचं, त्यापासून हे बनतं!" पुन्हा टाळ्या. काटकसर म्हटली की आपली माणसं खूश.

मग रेजाँने एक शब्द वापरला, जो क्लासमध्ये झालेला नव्हता. मी अडलो. सगळे माझ्याकडे बघतायत. मी हळूच म्हटलं, परत सांग. त्याने परत सांगितला. मी खांदे उडवले. प्रेमळच माणूस तो! त्याने दोन बोटं कपाळाला लावून शिंगं केली. मग स्वतःचं गोल पोट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. मग परत शिंगं, परत पोट.

इतकी वर्षं सहलीला जाताना बसमध्ये खाणाखुणांवरून सिनेमाची नावं ओळखण्यात माझी हयात गेलेली. समोरचा अभिनय करतोय म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेचना. मी दोन्ही हात वर करून जिंकल्यासारखा ओरडलो,

"चरबी! गाईची चरबी!"

रेजाँ आनंदला. "उई, उई!" म्हणजे हो, हो म्हणाला, आणि नाक वर करून दोनदा डुकरासारखा घुरघुरला. तेही कळलं. पण ते मी भाषांतरित केलं नाही. गरज नव्हती.

जाळीतून येणाऱ्या गरम हवेचा आवाज तेवढा ऐकू येत होता. एकेकाचे पाय हळूहळू जाळीवरून दूर सरकले.

"पण आम्ही तर पापड परवाच तळले!" देशपांडे वहिनी किंचाळल्या. आईने त्यांना आधीच एक पाकीट पाठवलं होतं.

"म्हणूनच चांगले लागले," देशपांडे म्हणाले. त्यांना त्या दिवशी जेवायला थांबता आलं नाही. वहिनींनी थांबू दिलं नाही.

बाकीचे जेवले, पण घाईने. जाताना प्रत्येकाने माझ्या आईला वाकून नमस्कार केला, आणि बूट घालताना प्रत्येक जण पापडाचं पाकीट बुटांच्या शेजारी विसरला. एकाच्याही लक्षात राहिलं नाही! इतक्या विसराळू माणसांशी आपली मैत्री आहे, हे मला त्या दिवशी कळलं. रेजाँ मात्र तीन पाकिटं घेऊन गेला.

सगळे गेल्यावर आई म्हणाली, "म्हणजे दोन महिने मी माझ्या वड्या गाईच्या चरबीवर वाळवून राहिली."

"आई, ऐक. जळणारं तेल वेगळं, हवा वेगळी. मध्ये लोखंडाची भिंत असते. धूर चिमणीतून बाहेर जातो. हवेला त्याचा स्पर्शसुद्धा होत नाही!"

"धूर बाहेर जाते नं?"

"हो!"

"मग ऊब कोणाची येते?"

इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि विमानांच्या इंजिनांची पंधरा वर्षं, एवढी विद्या मी पणाला लावली. "पण फक्त वीस टक्के आहे गं," मी म्हणालो. "ऐंशी टक्के साधं खनिज तेल. जमिनीतलं. एकदम शुद्ध!" पृथ्वी वाचवायला निघालेला मी पेट्रोलियमची वकिली करत होतो. शुभाने माझ्या कानात विचारलं, "डायनासोरचं सांगू का त्यांना?"

"वरणात वीस टक्के मटण टाकून दिलं तं खाशील का तू?" आई म्हणाली, आणि उठली.

मला वाटलं रागावेल, रडेल. रागावली असती तर फार बरं झालं असतं. तिने शुभाला कचऱ्याची मोठी पिशवी उघडून धरायला सांगितली आणि एकेक डबा स्वतःच्या हाताने त्यात रिकामा केला. मुगवड्या, सांडगे, कुरडया. रिकामे डबे धुतले, पुसले, पालथे घातले. मी मदतीला पुढे झालो, तर म्हणाली, "राहू दे." तेवढंच. आज इतकी वर्षं झाली, पण मुगवड्या पिशवीत पडताना होतो तसा आवाज कुठेही झाला की मी मागे वळून पाहतो.

दुसऱ्या दिवशी आईने मुक्काम हलवला. आमच्या मागच्या दाराशी बूट आणि कोट ठेवायची इवलीशी खोली आहे. घरात जाळी नसलेली तेवढी एकच जागा. तिथे तिने तिची गादी टाकली, देव मांडले, आणि दार लावून घेतलं. मी तातडीने विजेवरचा छोटा हीटर आणला.

दार किलकिलं झालं. "याच्यात काय आहे?"

"वीज, आई."

"कशाची?"

"पाण्याची. उत्तरेला मोठमोठी धरणं आहेत, तिथून येते."

"शुभा!" आईने हाक मारली. "हा खरं बोलून राहिला का?"

"हो आई. पाण्याचीच," शुभा म्हणाली. मग हीटर आत गेला. 'वीज घे म्हटलं होतं' हे न बोलता शुभा इतक्या वेगवेगळ्या प्रकारे उभी राहू शकते, हे मला माहीत नव्हतं.

मग आली खरी थंडी. मॉन्ट्रियलला दर वर्षी येते ती, जिच्यात पापण्या चिकटतात. एका सकाळी उठलो तर घर गार. भट्टी बंद. बेसमेंटमध्ये जाऊन खाटखूट केली, मग बाहेर टाकीपाशी गेलो. आता चरबी म्हणजे शेवटी चरबीच! थंडीत तूप थिजतं, तसं टाकीतून येणाऱ्या बारक्या नळीत तेल थिजून बसलं होतं. कंपनीला फोन केला. रेजाँ मिळाला नाही. मशीन म्हणालं, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

म्हणून मी, कोट, टोपी, गॉगल घालून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेंशन वायर बाहेर काढून, शुभाच्या हेअर ड्रायरने तेलाची नळी शेकत बसलो. उणे तीस! खिडकीतून शुभाने डोकं काढलं. "वाळले का केस?"

नळी मोकळी झाली नाही. ड्रायर जळला. मी आत आलो तेव्हा भिशीला जमावं तसं आमचं सगळं घर त्या बुटांच्या खोलीत जमलेलं होतं. रेवा रजईत, शुभा बुटांच्या रॅकवर, मध्ये लाल झालेला हीटर. आणि आई? आई स्वयंपाकघरात! संक्रांतीनंतर प्रथमच ती मोकळेपणाने घरात फिरत होती. दोन स्वेटर, कोट, कानटोपी, आणि तोंडावर समाधान.

"आता कसं स्वच्छ वाटून राहिलं," ती म्हणाली. मेलेल्या भट्टीवर खूश असलेली ती शहरातली एकमेव बाई असावी.

तिने विजेच्या शेगडीवर खिचडी केली, वर साजूक तूप. आम्ही चौघं एकमेकांना खेटून, मांडीवर ताटल्या घेऊन, ओल्या बुटांच्या वासात जेवलो. खरं सांगतो, त्या हिवाळ्यातलं ते सर्वात सुंदर जेवण. आईने रेवाच्या पायात स्वतःचे मोजे घातले. माझे गोठलेले हात आपल्या हातात घेऊन चोळले. मला वाटलं, निभावलं. चरबी थिजली म्हणून का होईना, आई परत मिळाली.

"विलास," माझी बोटं चोळता चोळता ती म्हणाली, "मी दादाकडे जाते. सांगितलं त्याला."

"अगं, थोडे दिवस! मग परत येशीलच ना?"

"तिथंच राहते म्हणते."

मी हात काढून घेतला. मग माझ्यातला उरलासुरला बारा वर्षांचा मुलगा उसळला. "तिथे? आई, दादा काय खातो माहीत आहे तुला? अंगणात शेगडी मांडून दर शनिवारी गाय भाजतो तो! तुला ठाऊक नाही!"

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "पहिल्या वर्षीच फोन करून सांगितलं त्याने. मी पंधरा दिवस बोलली नाही त्याच्याशी. मग बोलली." तिने माझा हात परत ओढून घेतला आणि चोळायला लागली. "तो खाते, पण सांगून खाते रे. तुला मी दारातच विचारलं होतं. तू मला झाडं दाखवली."

"पण मला खरंच माहीत नव्हतं गं!"

"तेच म्हणते मी. माहीत नव्हतं, तं माहीत नाही म्हणायचं."

फेब्रुवारीत ती गेली. कंपनीच्या माणसाने नळी मोकळी करून दिली होती, तेव्हा टाकीतलं उरलेलं तेल आम्ही एप्रिलपर्यंत जाळलं. घर इतकं उबदार राहिलं म्हणून सांगू! चारही खोल्या, सगळ्या जाळ्या, आणि त्यांच्याभोवती मोकळी जमीन. पुढच्या हिवाळ्याच्या आत आम्ही वीज घेतली. कंपनीतून एका मुलीने फोन करून विचारलं, आमचं तेल सोडण्याचं कारण? मी म्हटलं, घरगुती.

आई व्हँकुव्हरला मजेत आहे. दर रविवारी फोन करते. तब्येत विचारते, बर्फ विचारते, आणि मग विचारते, "काय जेवला?"

मी सांगतो, "वरणभात."

"बरं," आई म्हणते. "शुभाला फोन दे."